जबड्यातली न दुखणारी गाठ



ज्वारीची काढणी होऊन नवा कडबा गोठ्यावर आला, की फिरतीवर एक प्रश्न मला हमखास भेटतो. ‘साहेब, बैलाच्या जबड्याला गाठ आलीया, काय करू?’ आजचे लिखाण या प्रश्नापासूनच सुरू करतो, पण बैलापाशी थांबवणार नाही. तसलीच गाठ माणसाच्या जबड्यातही होते, आणि तिच्याबद्दल मला इतक्या वर्षांत क्वचितच कोणी विचारले आहे.

आधी बैलाचे पाहू. आपल्या खंडाळा तालुक्यातले शिरवळ हे नीरेकाठचे, पुणे-सातारा हमरस्त्यावरचे गाव. नदीवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा लागतो. या शिरवळला १९८८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव दिले गेले. राज्यातले जुने महाविद्यालय म्हणजे मुंबईचे, परळचे, १८८६ सालचे. आपल्याकडचा बैल घेऊन परळला कोण जाणार? शिरवळचे झाल्यापासून अवघड दुखण्याचे जनावर टेंपोत घालून त्याच दिवशी दाखवून आणता येते. गावच्या दवाखान्यातले डॉक्टरही गाठ नीट कळली नाही तर तिकडेच चिठ्ठी देतात.

तेथे गाठीचे जनावर उभे केले, की डॉक्टर लगेच चाकू काढत नाहीत. आधी हात लावून पाहतात. गरम आहे का, मऊ आहे का, कातडीखाली सरकते का, की हाडालाच धरून आहे? मग सुई घालून आत काय आहे ते बघतात. यात मोठे शहाणपण आहे, कारण जबड्याखाली सूज येण्याची कारणे एकमेकांपासून फार वेगळी आहेत.

गळ्याशी गरम, दुखरी सूज, अंगात सणकून ताप, तोंडातून लाळ आणि श्वासाची घरघर असेल तर तो घटसर्प समजावा. तेथे उद्याची वाट पाहायची नाही, एखाद्या दिवसात जनावर जाते. पावसाळ्याआधी लस टोचलेली असली तर ही पाळी सहसा येत नाही. मेंढीच्या हनुवटीखाली थलथलीत पिशवी लोंबते, बोट दाबले तर खळगा राहतो, आणि दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ती संध्याकाळी जास्त दिसते. तो पोटातल्या नाहीतर काळजातल्या कृमींचा प्रताप. रक्त कमी झाल्याने पाणी उतरलेले असते, गाठ अशी तेथे नसतेच. धनगर बांधवांना हे मी सांगायला नको. काटा रुतून झालेले साधे गळू चार-आठ दिवसांत वर येते, हाताला गरम लागते, आणि सुईत पू येतो.

या सगळ्यांहून निराळी गाठ म्हणजे हाडाची. दाढांच्या पातळीवर, दगडासारखी घट्ट, जागची न हलणारी, आणि सुरुवातीला अजिबात न दुखणारी. कडब्याचे धस किंवा बाभळीचा काटा तोंडात टोचतो, दात बदलताना हिरडीला वाट मिळते, आणि तोंडात एरवी गुपचूप राहणारे जंतू हाडात शिरतात. जर्मनीतल्या बोलिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने १८७७ साली या रोगाचे वर्णन केले. डॉक्टर मंडळी त्याला ॲक्टिनोमायकोसिस म्हणतात. काही महिन्यांनी गाठीला भोके पडतात, मधासारखा चिकट पू येतो आणि त्यात रव्यासारखे पिवळे कण सापडतात. यावर आयोडीनचे औषध शिरेतून देतात, आठ-दहा दिवसांच्या अंतराने पुन्हा देतात, जोडीला जंतुनाशक सुया असतात. अंगावर कोंडा सुटला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले तर औषध थांबवायचे असते, म्हणून हे डॉक्टरांच्याच हातचे काम. वाढलेले हाड मागे जात नाही. वाढ थांबली, रवंथ नीट होऊ लागली, की जिंकलो म्हणायचे.

आणि फार थोड्या जनावरांत, विशेषतः लहान वासरांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, खरीखुरी गाठ होते. दात ज्या पेशींतून घडतो त्या पेशींचीच ती असते. तेथे जंतूंचा संबंध नाही, म्हणून आयोडीनचा उपयोग नाही. ती हाडाच्या तेवढ्या भागासकट काढावी लागते. हिच्याकडे लक्ष द्या, कारण माणसाच्या जबड्यातल्या ज्या गाठींविषयी मला सांगायचे आहे, त्यांचे मूळ असेच दात घडवणाऱ्या पेशींत असते.

डाग देणे, बिब्बा घालणे, न्हाव्याकडून गाठ फोडून घेणे, यांतले काहीही जनावराच्या गाठीवर करू नका. डागाने वरचे कातडे जळते, आतल्या हाडाला त्याचा पत्ताही लागत नाही. वर परत जखम झाली की जंतू शिरायला वाट होते.

आता एक प्रसंग सांगतो. माणच्या बाजूला एका वस्तीवर गेलो होतो. घरधन्याचे नाव सांगत नाही, माणूस कष्टाळू आणि भला आहे. खिलार बैलाच्या जबड्याला सुपारीएवढी गाठ दिसली, तर चौथ्या दिवशी त्यांनी टेंपो करून बैल शिरवळला दाखवून आणला होता. डॉक्टरांनी काय विचारले, सुई कशी घातली, औषध कधी द्यायचे, सगळे त्यांना तोंडपाठ. मी मनात म्हटले, असे शेतकरी गावोगाव असते तर माझी निम्मी नोकरी सोपी झाली असती. तेवढ्यात घरातून वहिनी चहा घेऊन आल्या. पदर डाव्या गालावरून ओढून दातांत धरलेला. कप ठेवताना पदर सुटला, आणि डावा गाल लिंबाएवढा पुढे आलेला दिसला.

‘वहिनी, हे कधीपासून?’

‘झाली की तीन वर्सं. दुखत न्हाई काय न्हाई.’

बापू म्हणाले, ‘दाढंची सूज हाय सायेब. सुगी झाली की दावू कुठंतरी.’

मी म्हटले, ‘बापू, बैलाला चार दिवस आणि वहिनींना तीन वर्षं?’

ते खजील झाले, पण दोष एकट्या त्यांचा नाही. बैल अडला तर नांगर अडतो, ते लगेच दिसते. बाईमाणूस तर गाल सुजला तरी भाकऱ्या थापतच असते. शिवाय आपल्याकडे दुखणे म्हणजे जे दुखते ते. जे दुखत नाही ते दुखणेच नव्हे, असा हिशेब आहे. जबड्याच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो.

मी शेतीचा पदवीधर, दातांचा डॉक्टर नव्हे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी सांगणारही नाही. पण ही गाठ काय असते, कुठे दाखवावी आणि डॉक्टरांना काय विचारावे, एवढे जाणत्यांकडून समजून घेऊन तुमच्यापुढे ठेवतो.

शरीरातल्या इतर हाडांत न आढळणारी गोष्ट जबड्यात असते, ती म्हणजे दातांची पेरणी. मूल पोटात असतानाच जबड्याच्या हाडात दातांचे कोंब धरू लागतात. दुधाचे २० आणि कायमचे ३२ दात याच रानात उगवतात. दाताचे पांढरे कवच घडवणाऱ्या पेशी आपले काम झाले की विरून जातात, पण त्यांतल्या थोड्या हाडात आणि हिरडीत मागे राहतात. हरळीची काडी ढेकळात राहावी तशा. बहुतेकांच्या त्या जन्मभर निजून राहतात. एखाद्याच्या मात्र कधी दहाव्या, कधी तिसाव्या वर्षी जाग्या होतात आणि त्यांची पाण्याने भरलेली पिशवी किंवा गाठ तयार होते. म्हणून अशा पिशव्या इतर कुठल्याही हाडापेक्षा जबड्यातच जास्त सापडतात.

या गाठी कर्करोगाच्या नसतात, हे आधी मनात पक्के करा. त्या बहुधा दूर पसरत नाहीत, जीव घेत नाहीत. पण साधी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ असा अर्थ घेऊ नका. ती जागच्या जागी हाड खात वाढते. हाडाची भिंत पातळ होत जाते आणि बोटाने दाबले तर अंड्याच्या टरफलासारखी करकरते. आजूबाजूचे दात हलतात किंवा तिरके सरकतात. शेवटी एखाद्या दिवशी दाताने ऊस सोलताना किंवा बैलाचा हलकासा धक्का लागून जबडा मोडतो, आणि ‘एवढ्याशा धक्क्यानं कसा मोडला?’ म्हणून सगळे चकित होतात. तो आधीच पोकळ झालेला असतो, कीड लागलेल्या उसाच्या कांड्यासारखा.

या गाठींचे चार प्रकार तुमच्या कानावर असावेत. नावे पाठ करायला नकोत, पण त्यांची चाल ओळखा.

सगळ्यांत जास्त आढळते ती किडक्या दाताच्या मुळाशी होणारी पिशवी. दाढ किडते, ठणकते, रात्र-रात्र झोप नसते. मग मिश्री लावा, लवंग धरा, असे चालते. आणि एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. घरात आनंद होतो. खरे तर त्या दिवशी दाढेची नस मेलेली असते. मेलेल्या नसेतली घाण मुळाच्या टोकातून हाडात झिरपत राहते आणि तेथे पिशवी धरते. ठणकणारी दाढ आपोआप गप्प झाली की तेव्हाच डॉक्टरांकडे जायचे असते.

दुसरी होते न उगवलेल्या दाताभोवती. दात हाडात अडकून बसतो आणि त्याच्या माथ्याभोवती पाणी साठते. खालची अक्कलदाढ आणि वरचा सुळा यांत हे जास्त. न्यूझीलंडकडच्या मेंढ्यांतही पुढच्या दातांभोवती अशा पिशव्या आढळल्याची नोंद आहे. आता पाहा, बैल घेताना आपण तोंड उघडून दात मोजतो. आदत आहे की दोनदाती, चारदाती की जुळलेला, हे बाजारात उभ्या-उभ्या सांगतो. आपल्या पोराचे दात कधी मोजलेत? वरचा कायमचा सुळा साधारण ११ ते १२ व्या वर्षी दिसायला हवा. एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा वर्ष-दीड वर्ष झाले तरी आला नाही, किंवा दुधाचा दात पडायचे नाव घेत नाही, तर एक एक्स-रे काढून घ्या. शाळेच्या सुट्टीत होणारे काम आहे.

तिसऱ्या प्रकारात पिशवीत पाण्याऐवजी खव्यासारखा घट्ट पांढरा माल असतो. ही हाडाच्या लांबीने आतल्या आत पसरते, गाल फुगवत नाही, म्हणून उशिरा कळते. काढली तरी परत होण्याची खोड तिला आहे. तिला पिशवी म्हणावे की गाठ, यावर जाणत्यांतही वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला गाठींच्या यादीत घातले आणि २०१७ साली पुन्हा पिशव्यांच्या यादीत आणून बसवले. रुग्णाला या वादाशी कर्तव्य नाही, परत तपासून घेण्याशी आहे.

चौथी, आणि सगळ्यांत हट्टी, ती अमेलोब्लास्टोमा. तिशी-चाळिशीच्या माणसांत जास्त, आणि दहांपैकी सुमारे आठ खालच्या जबड्यात, बहुधा मागच्या दाढांकडे. हळूहळू, वर्षानुवर्षे वाढते. एक्स-रेत साबणाच्या फेसासारखे गोल गोल बुडबुडे दिसतात. वहिनींची गाठ या जातीची निघाली.

ओळख पटवायची कशी? शिरवळला बैलाचे जे केले तेच येथे. दाताचे डॉक्टर आधी हात लावून बघतात, गार किंवा गरम लावून कुठला दात जिवंत आहे आणि कुठला मेला आहे ते पाहतात. मग ओपीजी नावाचा एक्स-रे. यात माणूस उभा राहतो आणि यंत्र डोक्याभोवती फिरते. एका फिल्मवर दोन्ही जबडे, सगळे दात, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दिसतात. एका दाताच्या छोट्या एक्स-रेत गाठीचा फक्त तुकडा येतो, शेताच्या एका कोपऱ्यावरून सगळ्या पिकाचा अंदाज करावा तसे होते. म्हणून सूज असेल तर ‘डॉक्टर, सगळ्या जबड्याचा फोटो काढायचा का?’ असे नम्रपणे विचारा. मोठी गाठ असेल तर सीटी स्कॅनही सांगतात.

मग सुई. आतले पाणी पिवळसर, त्यात चमकणारे बारीक कण, तर साधी पिशवी असण्याचा संभव. घट्ट पांढरा माल आला तर तो तिसरा प्रकार. आणि सुईत नुसते लाल रक्त भरून आले तर डॉक्टर तेथेच हात थांबवतात, कारण ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते आणि ती उघडली तर रक्त आवरता आवरत नाही. बाजाराच्या दिवशी झाडाखाली दात उपटणाऱ्याकडे सुजलेल्या जबड्याचा हलता दात काढून घेऊ नका, असे मी कळकळीने सांगतो ते यासाठी. दात चांगला, हिरडी चांगली, आणि तरी दात हलतोय, तर हाड आतून गेलेले असते. तेथे आधी एक्स-रे, मग चिमटा.

शेवटची तपासणी म्हणजे तुकडा काढून तपासणे, ज्याला बायोप्सी म्हणतात. येथे घरातली जाणती मंडळी आडवी येतात. ‘गाठीला सुई लागली की ती चिडते, पसरते, कॅन्सर होतो.’ हे मी शंभरदा ऐकले आहे. या गाठींच्या बाबतीत ते खरे नाही. उलट तुकडा तपासल्याशिवाय कुठली गाठ आहे ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय किती कापायचे ते ठरत नाही. मातीचा नमुना न तपासता खताचा डोस सांगू नका, असे आम्ही तुम्हाला सांगतो ना? तसेच हे. आणखी एक. साधी पिशवी म्हणून काढली तरी ती टाकून न देता प्रयोगशाळेत पाठवली जाते ना, हे विचारून घ्या. पिशवीच्या भिंतीत कधी कधी अमेलोब्लास्टोमा दडलेला असतो.

उपचार गाठीगाठीप्रमाणे वेगळे. किडक्या दाताची पिशवी लहान असेल तर रूट कॅनॉल करून, म्हणजे दाताची नळी साफ करून भरून, दात वाचवता येतो आणि हाड आपोआप भरून येते. मोठी असेल तर हिरडी उघडून पिशवी सोलून काढतात. न उगवलेल्या दाताची पिशवी बहुधा त्या दातासकट काढतात. पण मूल लहान असेल तर एक छान युक्ती करतात. पिशवीला तोंडात एक खिडकी पाडून ठेवतात. पाणी वाहून गेले की आतला दाब कमी होतो, हाड बाजूंनी भरत येते आणि अडकलेला दात कित्येकदा आपल्या जागी खाली उतरतो. जर्मनीच्या पार्श नावाच्या डॉक्टरांनी १८९२ साली सांगितलेली ही रीत आजही उपयोगी पडते. मात्र त्या खिडकीतून रोज मिठाचे पाणी पिचकारीने मारून आतली जागा धुवावी लागते, तीही कित्येक महिने. हे काम दवाखान्याचे नाही, आईबापाचे आहे. चार दिवस धुतले आणि मग सोडून दिले तर अन्न साठून पू होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जमणार नसेल तर डॉक्टरांना आधीच तसे स्पष्ट सांगा, ते दुसरा मार्ग काढतील.

खव्यासारख्या मालाची गाठ सोलून काढल्यावर उरलेल्या हाडाला औषध लावतात किंवा हाडाचा वरचा थर खरवडून काढतात, म्हणजे मागे काही राहू नये.

अमेलोब्लास्टोमाचे तसे नाही. ती एक्स-रेत जेथे संपलेली दिसते त्याच्या पुढेही हाडाच्या जाळीत तिचे बारीक कोंब गेलेले असतात. म्हणून नुसती खरवडून काढली तर निम्म्याहून अधिक रुग्णांत ती परत उगवते. लव्हाळा खुरप्याने वरून कापला आणि खालची गाठ जमिनीत राहिली, तर आठ दिवसांत काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून डॉक्टर गाठीच्या कडेपासून एक ते दोन सेंटिमीटर चांगल्या दिसणाऱ्या हाडासकट ती काढतात. एकाच पोकळीची जात असेल तर काही वेळा एवढे कापावे लागत नाही, आणि ते तुकड्याच्या तपासणीवरून ठरते. ‘चांगलं हाड का कापलं?’ म्हणून डॉक्टरांशी भांडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. भांडू नका, शस्त्रक्रियेआधी विचारून समजून घ्या.

वहिनींचा डावा खालचा जबडा दाढेपासून कानाजवळपर्यंत काढावा लागला. पहिल्या वर्षी दाखवले असते तर कमी जागा गेली असती, असे डॉक्टर म्हणाले. मग त्या जागी पायाचे हाड बसवले. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. जाड नळी भार पेलते आणि बाहेरच्या बाजूचे बारीक हाड जोडीला असते. त्या बारीक हाडाचा मधला भाग रक्तवाहिन्यांसह काढतात, जबड्याच्या वळणाने घडवतात, पट्टीने बसवतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडतात. जबड्यासाठी ही रीत १९८९ सालापासून रूढ होत गेली. भार पेलणारी नळी जागेवर असल्याने माणूस पुन्हा चालू शकतो. बापूंना हे ऐकून आधी चक्करच आली होती. ‘तोंडासाठी पाय कापायचा?’ असे ते मला दोनदा म्हणाले. वहिनी काही महिने पातळ खात होत्या, आता भाकरी कुस्करून खातात आणि खुरपायलाही जातात. हनुवटीखाली व्रण आहे, चेहरा जवळजवळ सरळ आहे. पदर डोक्यावर असतो, दातांत नसतो.

आता जायचे कुठे? साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयालाही क्रांतिसिंह नाना पाटलांचेच नाव आहे. जनावरांसाठी त्यांच्या नावाचे शिरवळ, माणसांसाठी त्यांच्याच नावाचा सातारचा दवाखाना, असा हा योग. पहिली तपासणी आणि पुढची चिठ्ठी तेथे मिळते. जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दंत महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. कराडला कृष्णा रुग्णालयाच्या आवारात दंत महाविद्यालय आहे, सांगलीकडे भारती विद्यापीठाचे आणि कवलापूरचे वसंतदादांच्या नावाचे आहे, आणि शिरवळहून पुण्याकडे जाताना धनकवडीला भारती विद्यापीठाचे आहे. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आणि सरकारी दंत महाविद्यालय ही दोन्ही जुनी आणि नावाजलेली. तेथे ‘मुख शल्यचिकित्सा’ किंवा ‘ओरल सर्जरी’ विभाग कुठला, एवढे विचारले की कोणीही दाखवील.

पैशाची धास्ती सगळ्यांना असते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत जी रुग्णालये आहेत त्यांच्या दारात आरोग्यमित्राचे टेबल असते. शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जा. आपल्या गाठीची शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी विचारा. भरती होऊन बिल झाल्यावर विचारणारे नंतर हळहळतात.

एक गोष्ट वेगळी सांगायची राहिली. तोंडात न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, खालचा ओठ बधिर होणे, तोंड कमी उघडणे, किंवा थोड्या आठवड्यांत झपाट्याने वाढलेली गाठ असेल, तर वरच्या साध्या गाठींचे गणित तेथे लावू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा यांची सवय असेल तर विशेष. दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर तिसरा आठवडा घरी काढू नका. हळद-चुन्याचा लेप, शेक, मालिश यांत एक दिवसही घालवायचा नाही.

शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की आपला माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. या गाठींत तेच नडते. अमेलोब्लास्टोमा परत येते तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा पहिल्या पाच वर्षांत येते, पण दहा वर्षांनंतर आल्याचीही उदाहरणे आहेत. खव्यासारख्या मालाच्या गाठीचेही साधारण असेच. परत आलेली गाठ लहान असताना सापडली तर थोडक्यात निभावते, आणि ती एक्स-रेत आधी दिसते, गालावर नंतर. सुरुवातीची वर्षे डॉक्टर सांगतील तितक्या वेळा आणि नंतर वर्षातून एकदा फोटो काढायचा, निदान दहा वर्षे. बापूंनी यासाठी बेंदराचा मुहूर्त धरला आहे. बैल रंगवायच्या आदल्या आठवड्यात वहिनींना दवाखान्यात नेऊन आणायचे. पहिला ओपीजी, तुकड्याचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचा कागद त्यांनी सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे. नवा फोटो जुन्याशेजारी धरून पाहिला म्हणजे डॉक्टरांना फरक चटकन कळतो, तेव्हा जाताना जुने सगळे कागद बरोबर न्यावेत. एक्स-रेची फिल्म घडी घालून ठेवू नका, उन्हातही ठेवू नका.